ऑपरेशनच्या आधीचं जावळ

"देवाच्या आधी ह्या डोक्याला वस्तरा लागायचा न्हाय..." सासूबाई हे बोलल्या ते कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात, माझ्या मुलीच्या कॉटला पाठ लावून. समोर वॉर्डबॉय वस्तरा आणि साबणाचं पाणी घेऊन उभा होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अनू अडीच वर्षांची होती. सकाळी उठली की उलट्या, चालताना तोल जायचा... जंत असतील म्हणून औषधंही देऊन झाली. मग स्कॅन झाला आणि कळलं, मेंदूत गाठ आहे. लहान मुलांत होणारी, तीही क्वचितच. तिच्यामुळे डोक्यात पाणी साठत होतं. थांबलो असतो तर अनू हाती लागली नसती.

अनूचं जावळ व्हायचं होतं. आमच्यात मुलींचंही काढतात, मामाच्या मांडीवर बसवून, जोतिबाच्या डोंगरावर. सासूबाई ते तिच्या जन्माआधीच देवाला बोलल्या होत्या. नवस मोडला तर पोरगी ऑपरेशनमधून परत येणार नाही, ही त्यांची भीती... त्या भीतीपुढे माझं काही चालेना.

नवरा चिडला. "आई, जोतिबा थांबंल की! गाठ थांबायची न्हाय!"

सासूबाई पिशवी उचलून निघून गेल्या. मला वाटलं, गेल्या उचगावला, घरी.

दुपारी परत आल्या त्या माझ्या दादाला घेऊनच. शिरोलीच्या फाउंड्रीतून थेट उचलून आणलेला, कानापर्यंत काळा. सिस्टर ओरडल्या, "अहो, असे आत कुठे?"

"मामा हाय त्यो पोरीचा," सासूबाई म्हणाल्या. "धुवून घ्या की त्याला!"

दादा हातपाय धुऊन, हॉस्पिटलचा हिरवा गाऊन चढवून स्टुलावर बसला. अनू त्याच्या मांडीवर. "पावणं, सावकाश हं," असं वॉर्डबॉयला बजावून सासूबाईंनी खाली पदर पसरला. दादा तोंडं वेडीवाकडी करून अनूला हसवत होता आणि केस पदरात पडत होते...

"आणि डोंगरावर जायचं राहिलं ते?" मी हळूच विचारलं.

"देवाला मी सांगतो काय ते," सासूबाई म्हणाल्या. "त्यो काय तुझ्या नवऱ्यासारखा तापट न्हाय."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. बराच वेळ चाललं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. पुढे रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. अनू नव्याने चालायला शिकली. दमली की डावा पाय थोडा ओढते, एवढंच.

सासूबाई आता नाहीत. त्या दिवशी त्यांची भीती काही गेली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. भीती तशीच ठेवून त्यांनी वाट काढली होती. मला ते अजून जमत नाही.

अनू आता पुण्यात नोकरी करते. काही वर्षांनी एकदा स्कॅन असतो, त्याला एकटीच जाते. "आई, तू आलीस की मला तुलाच धीर द्यावा लागतो," म्हणते. खरंच आहे ते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा स्कॅन आहे. अनू, तू हे वाचशील आणि नाहीच म्हणशील, माहीत आहे मला... तरी विचारते. या वेळी मला बरोबर येऊ दे. बाहेरच्या बाकावर गप्प बसेन.