ओव्हरसियरांचा शब्दार्थ

बायबलातले अक्षरन् अक्षर खरे मानणारी माणसे पुष्कळ असतील. पण जलप्रलयातल्या नोहाच्या तारवात हत्तीची जोडी मावते की नाही, या काळजीने वाळलेला माणूस साऱ्या मध्यप्रांतात एकच होता आणि तो आमच्या शेजारी राहत होता. सडकखात्यातून निवृत्त झालेले हे ख्रिस्ती ओव्हरसियर बोलताबोलता अंगणात येरझारा घालीत, म्हणून आम्हीही त्यांच्यामागे चालतचालत गप्पा मारीत असू. एकदा सक्करदऱ्याच्या माळावर त्यांनी तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद जागा आखून खुंट्या ठोकल्या. मोजायच्या फितीचे दुसरे टोक अर्थातच माझ्या हातात. एका गुराख्याने विचारले, "काय बांधून राहिले साहेब?"

"तारू."

"तलाव तर तिकडे हाये!"

बायबलात बलामाचे गाढव माणसासारखे बोलले हे वाचून ते परटाच्या गाढवासमोर पाऊण तास कान देऊन उभे राहिले होते. पाद्रीसाहेब कळवळून म्हणत, "अहो, हे दृष्टांत आहेत. शब्द धरून बसू नका, बोध घ्या." यावर ओव्हरसियर उसळत, "पुलाच्या नकाशात वीस फूट लिहिले असले, तर म्या बोध घ्यायचा का वीस फूट घ्यायचे?"

आम्ही हसत होतो, कारण आम्हाला ठाऊक नव्हते. त्यांची बायको दोन वर्षे लकव्याने अंथरुणाला खिळली होती. रोज सकाळी ते तिला येशूने बरे केलेल्या पक्षघाती माणसाची गोष्ट वाचून दाखवीत. "ऊठ, आपली बाज उचल," इथवर आले की पुस्तक मिटून वाट पाहत. ती हळूच म्हणे, "आज नाही जमत. मले दृष्टांतच समजा ना." मग ते बाहेर येत आणि येरझारा सुरू होत. "तारू खोटं निघालं, तर बाजेची गोष्ट कशी खरी राहील गा?" असे त्यांनी मला एकदाच विचारले.

एका रविवारी पाद्रीसाहेबांनी नेमकी तीच गोष्ट घेतली आणि उठणे म्हणजे मनाचे उठणे, असे सांगितले. ओव्हरसियर प्रवचनातून उठून थेट माझ्याकडे आले. "हे पाहा, चौघांनी त्याले बाजेसकट येशूकडे नेलं. वरच्या ओळीतच लिहिलं हाये! म्या खालचं 'ऊठ'च धरून बसलो होतो. इतकं तर आपल्याच्यानं होते ना?"

बाजेचा एक पाय त्यांनी धरला, एक मी, एक दूध घालायला आलेल्या गवळ्याने. चौथा, प्रवचन आटोपून समजूत घालायला धावत आलेल्या पाद्रीसाहेबांनी, अंगातल्या लांब झग्यासकट. तलाव जवळच होता. लाजेने तोंडावर घेतलेला पदर तिने वळणावर काढला. "खड्डा हाये, उजवीकडे!" ओव्हरसियर ओरडत होते.

काठावर बाज टेकली. ओव्हरसियर पायगतीला उभे राहून तिच्याकडे पाहू लागले. कशाची वाट पाहताहेत ते मला कळले आणि मी मान फिरवली.

"अहो," ती म्हणाली, "माह्या केसांत वारा जाऊन राहिला."



ती पुढे उठली नाही. त्याच हिवाळ्यात गेली. पण त्या दिवशी तिने आम्हाला तीनदा बाज फिरवायला लावली. आधी पाण्याकडे, मग बगळ्यांकडे आणि शेवटी, उन्हात हात कुठे ठेवावेत हे न कळून उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे.