केल्बीत आपला माणूस आहे

नवं गाव निवडायचं असलं की एडिसन शहरातली मराठी मंडळी आधी फोनची डिरेक्टरी उघडत. गावाच्या नावाखालची आडनावं वाचत जायची. ओल्सन, म्यूलर, स्मिथ यांच्या गर्दीत एखादा जोशी नाहीतर पाटील सापडला की सरळ फोन लावायचा. आधीची ओळख लागत नसे. मराठीतून नमस्कार म्हटलं की पलीकडचा आपला होतो, अशी सगळ्यांची समजूत होती, आणि ती तपासून पाहायची गरज कुणाला पडली नव्हती.

२००३च्या एप्रिलमध्ये उल्हास वैरागडेला कंपनीनं नेब्रास्कातल्या मक्याच्या एका कारखान्यात कायमचं हलवलं. कारखाना शेतांच्या मधोमध. राहायला दोनच ठिकाणं होती. पंचावन्न मैलांवर विद्यापीठाचं मोठं शहर, नाहीतर बारा मिनिटांवर केल्बी, वस्ती चार हजार.

त्याच्या बायकोची, शैलजेची अट एकच होती. चालत जाता येईल असं कॉलेज हवं. अमरावतीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली ही बाई तीन वर्षं एडिसनच्या दोन खोल्यांत बसून होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नाही, शिकता मात्र येतं. आणि चालत अशासाठी, की गाडीच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. दुसऱ्या वेळी उल्हासनं ओक ट्री रोडवरच्या हॉटेलात चारचौघांसमोर तिची नक्कल करून दाखवली होती. स्टिअरिंगला गच्च धरलेले हात, वटारलेले डोळे. सगळे हसले, तीही हसली. तिसऱ्यांदा परीक्षेला ती गेली नाही.

केल्बीच्या पानावर एकच नाव निघालं. आठल्ये, व्ही.

"वैरागडे म्हणजे नागपूरकडचे!" स्पीकरवरून म्हातारा, भरदार आवाज आला. "मग घरात पाटवडी होत असणार. अहो, तीस वर्षांत झणझणीत काही तोंडात गेलं नाही. या, या. झकास गाव आहे."

शैलजा फोनवर वाकली. "काका, तिथं कॉलेज आहे का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कॉलेज ना? रेल्वेलाइनच्या पलीकडे. तुझ्यासारखी पोरगी वीस मिनिटांत पोचेल. आमची शरयू तिथंच लायब्ररीत. पहिली मराठी विद्यार्थिनी तूच होशील बघ, बाळ."

बाळ. तीन वर्षांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. तरी तिनं म्हणून पाहिलं, की एकदा इंटरनेटवर बघूया, कोर्सेस कुठले आहेत ते.

"तीस वर्षं तिथं राहिलेला आपला माणूस सांगतोय," उल्हास म्हणाला, "आणि तू कॉम्प्युटरला विचारतेस? कमाल आहे यार."

तिला ते पटलं.

पुढचे फोन उल्हासनं ऑफिसातून केले. घर काकांनीच शोधलं, त्यांच्याच गल्लीत, तीन दारं सोडून. भाड्याचं कशाला, घेऊनच टाका म्हणाले. उल्हासनं घेऊन टाकलं.

जुलैत ते पोचले. चहूकडे मका, माणसाहून उंच, आणि त्यावर एवढं मोठं आकाश की मान वर करायची भीती वाटावी. दुसऱ्याच दिवशी विष्णूकाका त्यांना आपल्या घरी घेऊन गेले.

शरयूकाकू खिडकीशी खुर्चीत होत्या. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली, तेव्हा त्यांचं इंग्रजी गेलं. ज्या भाषेत इतकी वर्षं पुस्तकं दिली-घेतली, ती ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तशी पुसली गेली. उरलं ते लहानपणीचं, गुहागरकडचं मराठी. सकाळी येणारी नर्स त्यांच्याशी मोठमोठ्यानं बोलायची आणि काकू भिंतीकडे बघत राहायच्या. ही गोष्ट फोनवर निघाली नव्हती.

शैलजेनं वाकून नमस्कार केला. "काकू, कशा आहात?"

काकूंचं डोकं हळूहळू वळलं. "आलीस का गो?" त्या म्हणाल्या. "किती उशीर केलास!"

विष्णूकाका दारात उभे होते. ओझं खाली ठेवलेल्या हमालासारखा त्यांचा चेहरा सैल पडला होता. शैलजेला वाटलं, आनंद झालाय.

त्यानंतर ती रोज दुपारी तीनला जायची. काका गळ घेऊन तळ्यावर जात आणि पाचला परत येत. मासा त्यांनी कधी आणला नाही. काकू बोलत असायच्या, रातांब्यांबद्दल, मेलेल्या भावांबद्दल, शेजारच्या घरातल्या एका द्वाड म्हशीबद्दल. शैलजा त्यांचे केस विंचरायची. एकदा पाटवडी कुस्करून भरवली, तर तिखटानं काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या पोट धरून हसल्या. दुपारी तीनला आपली कुणी वाट बघतं, ही गोष्ट शैलजेला आवडू लागली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

"काका, एकदा कॉलेजात जाऊन येऊ का?" ती अधूनमधून विचारायची.

"अजून सुट्टी आहे, बाळ. उन्हात कशाला मरतेस? ऑगस्टच्या शेवटी उघडतं."

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी ती कुणाला न विचारता निघाली. इस्त्रीचा कुडता, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी सर्टिफिकेटं. रेल्वेलाइन ओलांडली. वीस मिनिटं म्हणाले होते, ती अठरात पोचली. लाल विटांची इमारत होती, दारावर नाव होतं, दाराला साखळी होती. काचेला नाक लावून पाहिलं तर आत बाकं एकावर एक रचलेली, वरपर्यंत. समोरच्या गवतावर एक गोरा माणूस गवत कापायचं यंत्र चालवत होता. त्यानं इंजिन बंद केलं.

"क्लोज्ड, मॅम. नाइंटी-सेव्हन." मग तिच्याकडे नीट बघून त्यानं विचारलं, ती त्या लायब्ररीवाल्या बाईंची कोण? फार चांगल्या होत्या, म्हणाला. होत्या, असंच म्हणाला.

म्हणजे रस्ता, अंतर, लायब्ररी, म्हाताऱ्यानं सगळं खरंच सांगितलं होतं. फक्त सहा वर्षं गाळली होती.

ती तशीच त्यांच्या दाराशी गेली. काका ओट्यावर गळाचा दोरा गुंडाळत होते.

"काका, कॉलेज बंद होऊन सहा वर्षं झाली."

"हो."

"तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"सांगितलं." त्यांनी दोरा खाली ठेवला. "दिवसभर ती भिंतीशी मराठी बोलायची, शैलजा. माझ्याशी नाही, भिंतीशी. डिरेक्टरीत माझं नाव बघून दोन वर्षांत एकच फोन आला, तो तुमचा. आणि दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी उल्हासला सगळं खरं सांगून टाकलं."

"कुणाला?"

"त्याला माहीत आहे. तोच म्हणाला, काका, तुम्ही काही बोलू नका, ती तिकडे आली की रमेल."

उल्हास साडेसहाला आला. बूट काढता काढता त्यानं ऐकून घेतलं.

"मग काय सांगायला हवं होतं? तू आली असतीस?"

"नसते आले."

"झालं तर. शहरात राहून रोज पंचावन्न मैल स्नोमध्ये कारखान्यापर्यंत ड्राइव्ह कोण करणार होतं? तू? तुला पार्किंग तरी जमतं का?" त्यानं स्टिअरिंग गच्च धरल्यासारखे हात केले. या वेळी हसायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच थोडा हसला. "ग्रीन कार्डाचा अर्ज याच कारखान्याच्या नावानं गेलाय. पाच-सहा वर्षं आता इथून हलणं नाही. घर आहे, अंगण आहे. काकू आहेत तुला. जेवायला काय आहे?"

वरण-भात होता. तिनं वाढला.

दुसऱ्या दिवशी तीनला ती गेली. काकूंनी नेहमीसारखी मान वळवली. "आलीस का गो?"

शैलजा खुर्ची ओढून बसली. "गुड आफ्टरनून, मिसेस आठल्ये. हाऊ आर यू फीलिंग टुडे?"

काकू हसल्या. "थट्टा करतेस होय?"

"वुड यू लाइक सम वॉटर?"

काकूंचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. मग गेलं. त्या हिच्या ओठांकडे बघू लागल्या, आणि हळूहळू त्यांच्या डोळ्यांत तेच आलं जे सकाळच्या नर्सकडे बघताना यायचं. शैलजेनं प्रवेशपरीक्षेचं इंग्रजी शब्दांचं पुस्तक पिशवीतून काढलं आणि मोठ्यानं, स्पष्ट वाचू लागली. उच्चार सुधारायचेच होते.

"अहो," काकूंनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "ही कोण बाई आणलीत? ती मुलगी कुठं गेली?"

विष्णूकाका गळ घेऊन निघाले होते, ते दारातच थांबले. तळ्यावर त्या दिवशी ते गेले नाहीत, नंतरही नाहीत.

शैलजेनं एकही दिवस चुकवला नाही. रोज तीन ते पाच. केस विंचरायची, पाणी द्यायची, उशी सारखी करायची. आणि इंग्रजी बोलायची, नर्ससारखी ओरडून नाही, हळू आवाजात, गोड. आत काहीतरी हलकं होईल असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं. तसं काही झालं नाही, पण थांबावंसंही वाटलं नाही. पहिला बर्फ पडला तोवर काकू रातांब्यांबद्दल बोलेनाशा झाल्या, मग म्हशीबद्दल, मग भावांबद्दल. खुर्ची भिंतीकडे वळवा, एवढंच खुणेनं सांगत.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी विष्णूकाका तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"मला काय हवं ते बोल. पण हिनं तुझं काय वाकडं केलंय गं?"

शैलजेनं पुस्तकात बोट घालून ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"काहीच नाही," ती म्हणाली.

भिंतीकडे वळलेलं काकूंचं डोकं हललं. किती तरी दिवसांनी त्यांनी मान फिरवायचा प्रयत्न केला, खुर्चीचा दांडा धरून, जोर लावून.

"कोण बोललं?" त्या म्हणाल्या. "आलीस का गो?"

शैलजेनं बोट होतं तिथं पान उघडलं आणि पुढचा शब्द वाचला.