ज्याची तार, त्याचा हात

आमच्या कुसगावात विजेचा खटला असला, की तो हौशीरामआबांच्या ओट्यावर चालायचा. आबा जुन्या कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल आणि चेहरा असा, की सुप्रीम कोर्टाने उठून बसायला जागा द्यावी.

गावात दुसरी वीज कंपनी आली आणि आबांच्या कोर्टाला बरकत आली. खांब तेच, त्यांवर तारा दोघांच्या. खांब कुणाचे, यावर साहेबलोक मुंबईत आयोगापुढे भांडत होते. तिकडे तारखा पडत होत्या आणि इकडे तारा. पडलेली तार उचलायची कुणी? जुन्या कंपनीचा लाइनमन गोरख नव्या कंपनीच्या ओंकारकडे बोट दाखवायचा, ओंकार गोरखकडे. एकदा गोरख भलेपणाने ओंकारची तार जोडायला चढला आणि पलीकडून कुणीतरी वीज सोडली. त्याचा हात भाजला. त्या दिवशी आबांनी कायदा केला: ज्याची तार, त्याचाच हात. दोघांनी चहाच्या कपावर हात ठेवून शपथ घेतली. पुढे एका लग्नाचा मांडव अंधारात राहिला, तरी आबा हलले नाहीत. "न्याव म्हंजी न्याव," म्हणत अंधारातच जेवले. जिलबी मात्र दोनदा मागून घेतली.

आबांच्या पत्नी झुंबरबाई यांना या कोर्टाचं भारी कौतुक. फुप्फुसं थकलेली, नाकात ऑक्सिजनच्या मशीनची नळी, पण जीभ ठणठणीत. "अवो जजसाहेब, निकाल झाला आसंल तर लसूण सोला," असं आतून फर्मान यायचं आणि जजसाहेब सोलायचे.

पावसाळ्यातल्या एका रविवारी वाऱ्याने आबांच्याच गल्लीची तार तुटली. तार ओंकारची. तो सोमाटण्याहून निघाला आणि लोणावळ्याला भिजायला निघालेल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या मागे अडकला. घरातला इन्व्हर्टर दुपारपर्यंत कण्हला आणि गप्प झाला; त्याच्याबरोबर ऑक्सिजनचं मशीनही.

गोरख शिडी लावून उभा होता.

"आबा, चढतो म्या. ओंक्या फोनवर म्हनतोय, तिकडनं बंद हाय."

"तवाबी बंदच व्हती. हात बघ तुजा."

"मावशीकडं बघा जरा!"

"लोकांच्या मांडवाला एक न्याव आन माज्या घराला दुसरा? ठिव ती शिडी खाली."

आतून झुंबरबाई धापा टाकत म्हणाल्या, "जजसाहेब... माजी बाजू... आयकून तरी घ्या."

आबा हसले. बायको नेहमीसारखी थट्टा करतेय, असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने झुंबरबाईंचे ओठ काळेनिळे दिसले, तेव्हा गोरखने धावत जाऊन रिक्षा आणली. लोणावळ्याच्या दवाखान्याच्या वाटेवर गाड्यांची तीच रांग होती. माणसं छत्र्या उघडून कणसं खात होती. झुंबरबाई रिक्षातच गेल्या.

तेराव्याला गोरख आणि ओंकार ओट्यावर आले ते भांडतच.

"चूक माझी आहे. गाडी तिथंच टाकून चालत यायला हवं होतं मी."

"गप ए. शिडी लावून म्या निस्ता हुबा ऱ्हायलो. माजीच हाय."

चूक स्वतःकडे ओढायला दोन कंपन्यांची माणसं भांडताहेत, हे त्या ओट्याने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी गोरख म्हणाला, "आबा, तुमीच सांगा आता."

आबा टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "आयकून घ्या म्हनली व्हती ती. म्या हसलो."