आत्यानं मागितलेली खोली

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, तालुक्याच्या नोंदणी कार्यालयाबाहेरच्या बाकावर. करणारे माझे वडील, काका. आणि मी.

आखाजीला ती माहेरी, उंद्रीला आली होती. पुरणाचं ताट वाढलं तसा वडिलांनी शेताचा विषय काढला. वावरातला हिस्सा सोड, सही दे, भारीतली साडी घेतो.

आत्यानं घास गिळला. "वावर नको मले, दादा. तुमीच वाहा. मांगची खोली तेवढी माह्या नावानं लिहून द्या. मले लेकरू नाही. ह्यायचं दुखणं असं. हे गेले त तिकडं मले कोण ठेवते?"

एवढ्या वावराच्या बदल्यात एक गळकी खोली!

काका हसले. "खोली काऊन, बाई? गच्चीच घे ना. वरतून आमच्यावर नजर ठेव."

"बहिणीले काय लिहून द्या लागते?" वडील म्हणाले. "दिली म्हटलं ना."

"बोलून नाही. त्याच कागदावर."

"बरं बाई, कागदावर."

तेव्हा मी जमिनीतल्या लेकींच्या वाट्याबद्दल पत्रकं लिहीत होते. साखरखेर्ड्याच्या बाजारात ती घसा फोडून वाटली होती. घरात मात्र मी गुमान पाणी वाढत होते.

दुसऱ्या दिवशी बाकावर कागद माझ्या हातात आला. आत्याला वाचता येत नाही. "वाच वं माय. खोलीचं हाय ना त्याच्यात?"

मी दोनदा वाचला. खोलीचा शब्दही नव्हता. वडील माझ्याकडेच बघत होते. ते पुढं शब्द पाळतील असं वाटलं, हे मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं नाही ते. मी भ्याले.

"हाव, आत्या."

तिनं अंगठा दिला.

हिवाळ्यात तिचा नवरा गेला. तेरवी उरकून ती पिशवी घेऊन आली, तर खोलीत सोयाबीनची पोती. "कागदावर कुठं हाय?" वडील म्हणाले.

आत्या माझ्याकडे वळली. "तू त वाचलं होतं ना वं?"

चारच्या एसटीनं ती परत गेली. आता दिराच्या ओसरीत झोपते. फोन केला की "बरी हाय" म्हणते आणि मी जेवले का ते विचारते.

तुमच्याही कपाटात बहिणीच्या अंगठ्याचा असा कागद असेल. आज काढा. तिला फोन लावा, शब्द न् शब्द वाचून दाखवा. तिनं मागितलेलं त्यात नसेल, तर तिच्या नावानं लिहून द्या.