आखाजीला शिकवलेला नेम

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात आणि ते चार दिवस त्यांना कोणी काम सांगत नाही, ही आमच्या खानदेशातली रीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडच्या एका आखाजीला धाकटी बहीण धुळ्याहून जळगावला आली, पण झोक्याकडे फिरकलीही नाही. तिथल्या मेहरूण भागातल्या आमच्या घरात कूलरसमोर माझा कॉम्प्युटर होता. केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब मी त्यावर करून देत असे. खुर्ची ओढून ती म्हणाली, "भाऊ, मला बंदुकीचा खेळ शिकव."

तिच्या नवऱ्याचा धुळ्यात कॉम्प्युटर क्लास होता. तिथे मुलींची वेगळी बॅच सुरू व्हायची होती, आणि ती आपण शिकवावी असं हिच्या मनात होतं. शिकलेली होती, डोकं हुशार. मेहुणे म्हणाले होते, "आधी माउसवर हात बसू दे, मग बघू." क्लास सुटला की ते मित्रांना घेऊन, दोन मशीन केबलने जोडून, एकमेकांना गोळ्या घालत बसत. ही चहा ठेवायची आणि दारातून बघायची.

"त्यांचा हात ज्यात बसला, त्यातच माझा बसेल," ती म्हणाली.

नवख्याला खेळ सुचवणारे लोक स्वतःला आवडतो तो सुचवतात. नवखा पहिल्या वळणावरच मरतो आणि हे हसतात. मला ते करायचं नव्हतं. माझ्याकडच्या सीडीवरचे खेळ मी एकेक करून स्वतः खेळून पाहिले. सगळ्यात देखणा होता तो आधी बाजूला ठेवला, कारण माझ्या मशीनची मेमरी त्याला पुरत नव्हती आणि चित्र अडखळत होतं. अडखळतं मशीन, पण नवखा माणूस दोष स्वतःच्या हाताला देतो. दुसऱ्या एकात सगळ्या भिंती सारख्या. त्यात माणूस शत्रूपेक्षा वाटेनेच जास्त हैराण होतो. शेवटी एक जुना, साधा खेळ सुरुवातीला दिला: बाणांच्या कळांवर चालायचं, समोर दिसेल त्याच्यावर गोळी झाडायची, वर-खाली बघायचं कामच नाही. त्याने डोकं गरगरायचं थांबलं, तेव्हा माउसने मान वळवायचा दुसरा. तिसरा मुद्दाम तोच, जो मेहुणे खेळत. त्यात समोर खराखुरा माणूस असतो, आणि तो थांबत नाही. आमच्याकडे मशीन एकच, म्हणून ती त्यातले कोपरे पाठ करत बसली.

आई सांजोऱ्या तळता तळता डोकावली. "काय वं, माणसं मारी ऱ्हायनी का?"

"भूतं शेतस, माय."

"मंग मार," आई म्हणाली आणि आत गेली.

पहिल्या दिवशी बहीण भिंतीला नाक लावून गोळ्या झाडत होती. चौथ्या दिवशी कोपऱ्यावर यायच्या आधीच तिचा नेम तिथे लागलेला असायचा. तिला घाई नव्हती. तिचं सगळं बळ त्यातच होतं.

मी तिला धुळ्याला पोचवायला गेलो. संध्याकाळी क्लासमध्ये मित्र जमलेच होते. मेहुणे म्हणाले, "काय, माहेरी काय शिकून आल्या बाईसाहेब?" तिने सांगितलं. एक मित्र म्हणाला, "वहिनी, बंदूक उलटी धरू नका म्हणजे झालं." मेहुण्यांनी हसत दुसरी खुर्ची पुढे केली.

दहा बळी आधी ज्याचे होतील तो जिंकला. तिचे दहा झाले तेव्हा मेहुण्यांचे तीन होते.

"अरे, वहिनीनं तर तुझी पार चटणी केली!" मित्र ओरडला. सगळे हसले. मेहुणेही हसले, जरा उशिरा. मग म्हणाले, "मशीन तापलंय. बंद करा आता." ती पडद्याकडे बघत होती. आता तरी बॅच आपली, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मलाही तसंच वाटलं.

दोन्ही मशीनवरून तो खेळ पुसला गेला. मुलींच्या बॅचला बाहेरून एक शिक्षक आणला. माउसवर हात बसण्याच्या अटीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पुढच्या आखाजीला मी तिला आणायला धुळ्याला गेलो. मेहुणे अदबीने बोलले, "क्लासची गर्दी आहे, भाऊ. यंदा नाही जमणार." आखाजीला आणायला आलेला भाऊ रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे काय, हे खानदेशात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. शेजारच्या खोलीत तो नवा शिक्षक मुलींना माउस कसा धरायचा ते सांगत होता. चुकीचं सांगत होता; मनगट उचलून धरायला लावत होता.

बहीण चहा घेऊन आली. तिलाही आतलं ऐकू येत होतं. कप ठेवताना हळूच म्हणाली, "मनगट टेकवायला सांग ना त्यांना, भाऊ. मी सांगितलं तर चालणार नाही."

मी उठलो, दारात गेलो आणि सांगितलं. शिक्षकाने मान डोलावली. मेहुणे कौतुकाने म्हणाले, "तुम्हाला बरंच कळतं यातलं."

मी बहिणीकडे पाहिलं. ती रिकामे कप गोळा करत होती.