पडलेल्याला उचलायचं न्हाई

आदर्शच्या खेळात एक नियम होता आणि त्याच्यावरून दर रविवारी भांडण ठरलेलं. खेळ म्हणजे फासे आणि गोष्ट. आदर्श गोष्ट सांगायचा, किल्ले, राक्षस, जादू सगळं, आणि त्याचे दोस्त सत्यम आणि ऋतुजा त्यातले वीर व्हायचे. मूळ खेळात वीर बुरुजावरून पडला तर थोडी ताकद जाते, झोप काढली की सकाळी ठणठणीत! आदर्शला ते वाचूनच राग आला. त्यानं स्वतःचा नियम केला. उंचावरून पडलेल्याला लगेच उचलायचं न्हाई. उचललं तर फासा टाकायचा, आणि विषम आकडा आला की तो वीर पुन्हा कधीच उभा राहणार नाही, कुठल्याच जादूनं नाही.

त्या रविवारी सत्यमचा वीर भुजंग बुरुजावरून पडला. ऋतुजाचा वीर लई दांडगा, तिनं विचारच केला नाही.

"मी त्याला पाठीवर घेते आणि पळते!"

आदर्शचं तोंड उतरलं. "टाक फासा."

"अय, मागं राक्षस हाय! मी वाचवून राहिले ना त्याला!"

"वाचवायलाच उचलतेत सगळे."

"मी जिता हाय अजून," सत्यम म्हणला, "मला तरी विचारा की बे!"

कोणी हसलं नाही. त्याच खोलीत बाजेवर आदर्शचे बाबा, ग्यानोबा, पडून होते. धर्माबादच्या बाजारात हमाली करायचे. मिरचीच्या पोत्यांची थप्पी लावता लावता वरून खाली आले. खाली त्यांचा जोडीदार पंढरी होता. घाबरून त्यानं हाताला सवय होती तेच केलं, ग्यानोबाला पोत्यासारखं पाठीवर टाकलं आणि रस्त्यापर्यंत पळत सुटला. नांदेडचा डॉक्टर एक्स-रेचा फोटो बघून एवढंच म्हणला, "मणका मोडलेल्या माणसाला असं कोणी उचललं?" तेव्हापासून कमरेखाली काही हलत नाही, कळत नाही. नंतर एकदा पंढरी केळी घेऊन दारात आला, तर आदर्शनं "बाबा झोपलेत" म्हणून दार लावून घेतलं.

"पोरी, टाकू नको फासा," बाजेवरून आवाज आला. "आदर्श, तू खेळात पंढरीलाच सजा देऊन राहिलास का रं?"

आदर्श फासा बोटांत फिरवत राहिला.

"पळताना तो रडत होता रं. मी त्याच्या पाठीवर होतो, मला ऐकू येत होतं. आणि तू त्याला दारातून माघारी धाडलंस तवा मी जागाच होतो. एकदा बोलव त्याला. माझं दुसरं कोण हाय बोलायला?"

आदर्शला वाटलं उठावं, फोन लावावा, आत्ताच. पण त्याची नजर चादरीखालच्या पायांवर गेली. वाळलेल्या काड्या नुसत्या.

"न्हाई बाबा. त्याचं नाव काढू नका."

त्यानं फासा ऋतुजापुढं सरकवला. तिचे डोळे भरले होते, तिनं हातच लावला नाही. मग त्यानंच उचलून जोरात फेकला. फासा घरंगळत बाजेखाली गेला. किती आले ते बघायला कोणीच वाकलं नाही.

बाबांनी मान भिंतीकडं वळवली. एरवी पाण्यापासून कुशीवर वळवण्यापर्यंत सगळ्याला ते आदर्शलाच हाक मारायचे.

"ऋतुजा," ते म्हणले, "जरा पाणी दे गं, बाई."