चार वाजताचे चौकोन

हिवाळ्यात पहिल्यांदा हीटर लावला की तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि मला क्योतोच्या लॅबमधला तो जुना कॉम्प्युटर आठवतो. मोजमापाचं यंत्र फक्त त्याच्या जुनाट ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचं, म्हणून सेन्सेई, म्हणजे आमचे प्राध्यापक, तो कोणाला बदलू देत नसत. रोज दुपारी चारला पडद्यावर एक छोटी विंडो उघडायची. आत नुसते चौकोन, खाली उत्तरासाठी रिकामी जागा. मी वैतागून बंद करायचे. माझ्याआधी त्या कॉम्प्युटरवर एक युक्रेनियन संशोधक एकटाच काम करायचा. युद्ध सुरू झाल्यावर तो मायदेशी गेला, आणि मग त्याच्या ईमेल येणंच थांबलं. वर्षभराने त्याच्याच देशाची एक मुलगी लॅबमध्ये आली. तिच्यासाठी मी दोन दिवस खटपट करून त्या मशीनवर युक्रेनियन अक्षरं आणि कीबोर्ड बसवला. तिसऱ्या दिवशी चारला विंडो उघडली, तर चौकोनांच्या जागी अक्षरं होती. "कोणी आहे का?" तिने वाचलं. मग तिने तिच्या लिपीत 'आहे' असं टाइप केलं. पंखा घरघरला, दुसरी ओळ उमटली. "बरं, मग मी जातो," तिने हळूच वाचलं. आमच्या घरी निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. "परत येतो, असं काही नाही लिहिलंय?" मी विचारलं. तिने पुन्हा वाचलं. "नाही." विंडो आपोआप मिटली ती कायमचीच. वर्षभर तो रोज विचारत होता, आणि मी रोज बंद करत होते. अजूनही चार वाजले की मी मनातल्या मनात 'आहे' म्हणते.